सिनेमे काढा, पुस्तकं घाला

परकार मॅडमबरोबर सिनेमाला जाणं ही एक शिक्षा होती. सिनेमा संपायचा, दिवे लागायचे, माणसं मांडीवरचे पॉपकॉर्न झटकत दाराकडे निघायची, आणि या बाई खुर्चीत आणखी रेलून बसायच्या. पडद्यावर नावं सरकत असायची आणि त्या ती वाचत असायच्या. वाशीच्या मॉलमधले झाडूवाले आमच्या पायाशी येऊन ताटकळायचे. मी म्हणायचे, चला आता, रिक्षाला रांग लागेल. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "पोटभर जेवलीस ना? मग रांधलं कोणी ते तरी बघ." शेवटची पाटी गेल्यावरच त्या पिशवी उचलायच्या, आणि मग जिना उतरताना सिनेमा किती वाईट होता ते सांगायच्या.

रुखसाना परकार आमच्या कोपरखैरण्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या आणि मी इतिहास. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, कडक इस्त्रीची सुती साडी. डब्यात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी, जिच्या वासाची काही सहकाऱ्यांनी दबक्या आवाजात तक्रार केली होती. दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्या सगळ्यांना एकेक घास वाढला. माहेर महाडच्या अलीकडचं, सासर पनवेलचं, राहायला नेरूळला. बाई तापट होत्या आणि मला तापट माणसं आवडतात. माझं जे काही नुकसान झालंय ते थंड माणसांनी केलंय.

त्यांच्या तापटपणाचं मुख्य कारण म्हणजे मुलांचे निबंध. आमच्या मुलांना पुस्तकाचा कंटाळा आणि सिनेमाची आवड, त्यामुळे निबंधात पुरावा म्हणून सर्रास सिनेमे यायचे. 'पूर्वी एकत्र कुटुंबात सगळे प्रेमाने राहत', आणि खाली संदर्भ म्हणून एका कौटुंबिक सिनेमाचं नाव. 'सावकार गावातल्या बायकांवर वाईट नजर ठेवत', संदर्भ आणखी एक सिनेमा. मॅडम हे मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि पेन आपटायच्या. दुसरा कोणी असता तर त्याने सरळ फतवा काढला असता की निबंधात सिनेमा आणायचा नाही. मॅडमनी तसं कधीच केलं नाही. त्या वर्गात जाऊन सांगायच्या, "सिनेमा खोटं बोलतो म्हणून त्याला हाकलू नका. तो खोटं कसं बोलतो ते लिहा. जुन्या सिनेमातला सावकार हा सावकाराचा पुरावा नाही. सिनेमा काढणाऱ्यांना सावकार कसा दिसत होता, त्याचा पुरावा आहे."

आणि सिनेमा घेतला की त्याचा उल्लेख पुस्तकाइतकाच काटेकोर हवा. दिग्दर्शक कोण, साल कुठलं, कोणती प्रत पाहिली, प्रसंग कुठे येतो. "नाव सांगून घेतलं तर उसनं, न सांगता घेतलं तर चोरी," हे त्यांचं वाक्य आमच्या तीन-चार बॅचेसना पाठ होतं. मुलं त्यांची नक्कल करताना हेच वाक्य म्हणायची.

सोनाली जाधव त्यांच्या हाताखाली आली ती एमएच्या प्रबंधासाठी. तिचे वडील मार्केटात माथाडी, मूळचे पाटणकडचे. कांदा-बटाट्याच्या गोण्या उचलण्यात त्यांची हयात गेली. सोनालीला विषय सुचला तोही घरातूनच. सिनेमात हमाल कसा दिसतो, या विषयावर तिला लिहायचं होतं. पहिला कच्चा खर्डा तिने आणला तेव्हा मी शेजारीच बसले होते. मॅडमनी शेवटचं पान उघडलं आणि त्यांचे कान लाल झाले. पोरीने सिनेमांची यादी हिरोंच्या नावांनी लावली होती. लेखकाच्या जागी हिरो, त्याच्यापुढे सिनेमा.

"काय गो, हा सिनेमा याने लिहिलाय?"

"नाही मॅडम, पण पिक्चर त्याचाच आहे ना."

"त्याचा कसा? याने नुसती गोणी उचललीय. तीही कापसाची."

सोनाली हसली आणि म्हणाली, आमच्याकडे सगळे असंच बोलतात, याचा पिक्चर, त्याचा पिक्चर, दिग्दर्शक कोण ते कोणालाच माहीत नसतं. मॅडमनी तिला सगळे सिनेमे पुन्हा पाहायला लावले, या वेळी शेवटच्या पाटीपर्यंत. तीन आठवड्यांनी पोरगी आली ती धावतच. तिला काहीतरी सापडलं होतं. सिनेमांमागून सिनेमे, पण हमालाला कुठे नावच नव्हतं. गोष्टीत नाही आणि शेवटच्या यादीतही नाही. असलंच तर 'हमाल एक', 'हमाल दोन'. नाव असलेला हमाल एकच प्रकारचा, जो मुळात हमाल नसतो, मोठ्या घरचा हरवलेला मुलगा असतो. मॅडमनी चष्मा काढून पुसला. इतकं खूश झालेलं मी त्यांना त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग दोघींचं वेडच सुरू झालं. माथाडींच्या टोळीची, म्हणजे एकत्र माल उचलणाऱ्या गटाची, दर वर्षी सत्यनारायणाची पूजा असते आणि पूजेनंतर चाळीतल्या पटांगणात चादर बांधून सिनेमा दाखवतात. सोनालीने त्या वर्षी हमालाचाच सिनेमा लावायला सांगितला आणि मॅडमबरोबर मलाही बोलावलं. मॅडम तीर्थप्रसाद घेऊन खुर्ची नको म्हणत बायकांच्यात सतरंजीवर बसल्या. सिनेमा संपल्यावर नावं सुरू झाली तशी कोणीतरी सवयीने बंद करायला उठलं, तर यांनी त्याला खाली बसवलं. अख्ख्या टोळीला त्यांनी नावं वाचायला लावली. सोनालीचे वडील मला नंतर म्हणाले, "बाई लई कडक हायती, पन मानूस सोन्याचं."

इथपर्यंत सगळं छान होतं. पुढचं तसं नव्हतं.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात एका लढाईवरचा मोठा सिनेमा आला. आमच्या कॉलेजने मुलांना बस करून तो दाखवला. त्याला माझा विरोध नव्हता, मुलं सिनेमा बघणारच. पण पुढच्याच आठवड्यात समाजशास्त्राच्या विभागप्रमुखांनी कॉलेजच्या मुख्य दारात एक भलामोठा फलक लावला. त्या सिनेमातल्या राजाचं चित्र, आणि खाली अवतरणचिन्हांत एक दणदणीत वाक्य, त्याखाली राजाचं नाव. मॅडम मला हाताला धरून तिथे घेऊन गेल्या. म्हणाल्या, तू इतिहासाची, हे वाक्य कुठल्या कागदात आहे ते सांग. मी म्हटलं, कुठल्याच नाही, ते सिनेमातलं आहे. मॅडमनी फलक काढा म्हणून आरडाओरडा केला नाही. त्यांनी एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हे वाक्य चित्रपटातील आहे, संवादलेखकाचे नाव लिहावे', आणि तो कागद फलकाच्या खाली चिकटवला.

संध्याकाळी बैठक बोलावण्यात आली. विभागप्रमुख बोलत होते आणि बाकीचे टेबलाकडे बघत होते. ते म्हणाले, हा श्रद्धेचा विषय आहे. मग जरा थांबून, आवाज मऊ करून म्हणाले, "मॅडम, आमच्या भावना तुम्हाला नाही समजायच्या."

मॅडम म्हणाल्या, "भावना तुमच्या असतील. वाक्य कोणाचं, एवढंच मी विचारलंय."

मी बोलले. इतिहासाची प्राध्यापक म्हणून मी सांगितलं की परकार मॅडमचं म्हणणं बरोबर आहे आणि या वाक्याला आधार नाही. ते इतिवृत्तात आलं नाही. कागद काढण्यात आला आणि फलक राहिला. घरी जाताना सानपाड्याच्या सिग्नलला मॅडम म्हणाल्या, "रायगडाच्या वाटेवर जन्मले मी, सुजाता. आमच्या अंगणातून किल्ल्याची रांग दिसते. त्यांच्या त्या 'आमच्या'त मी कुठे मावत नाही, ते मला एकदा कोणीतरी समजावून सांगा." मला फक्त राग आला होता, आणि तो माझ्याजवळ अजून तसाच आहे.

यानंतर महिन्याभरात सोनालीचा प्रबंध विभागात गेला. विभागप्रमुखांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. मी मॅडमबरोबर गेले, मुद्दामच गेले. विभागप्रमुखांनी प्रबंध पुढे सरकवला आणि सांगितलं की संदर्भसूचीत सिनेमे चालणार नाहीत. सिनेमा हा करमणुकीचा प्रकार आहे, तो संदर्भ होऊ शकत नाही, विभागाचा एक दर्जा आहे. ज्या माणसाने सिनेमातलं वाक्य राजाच्या तोंडी घालून दारात टांगलं, तो माणूस हे सांगत होता, आणि ते दार त्याच्याच खिडकीतून दिसत होतं. मॅडमनी शांतपणे विचारलं, सिनेमांवरच्या प्रबंधात सिनेमांचा उल्लेख नाही करायचा तर कशाचा करायचा?

"अहो, एवढं काय त्यात? सिनेमे काढा, पुस्तकं घाला. लायब्ररीत वीस-पंचवीस नावं मिळतील."

"तिने ती वाचलेली नाहीत."

"कोण बघतंय?"

"म्हणजे पाहिलेलं काढायचं आणि न वाचलेलं घालायचं."

विभागप्रमुख हसले. म्हणाले, मॅडम, तुम्ही प्रत्येक गोष्टीचं टेन्शन घेता.

मॅडमनी विद्यापीठाला लिहिलं. उत्तर आलं की हा विभागाच्या अखत्यारीतला विषय आहे. तारीख जवळ येत चालली होती. सोनालीला पुण्यात संशोधनासाठी जागा मिळाली होती, पण एमएचा निकाल वेळेत लागला तरच. नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. पोरगी मात्र हट्टाला पेटली. एकही सिनेमा काढणार नाही म्हणाली. "मॅडम, ज्यांचं नाव कुठेच नाही त्यांच्यावर मी लिहिलंय. आणि मीच नावं काढू?" एकीकडे ही आणि दुसरीकडे तिचे वडील. ते मार्केटातून तसेच आले होते, खांद्यावर गोणपाटाची धूळ. स्टाफरूमच्या दारात उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"मॅडम, तुमचं खरं हाय, मला पटतंय," ते म्हणाले. "पन पोरीचं वरीस गेलं तर ते परत कोन देनार? मी पुन्हा एवढी गोनी नाय उचलू शकत."

मॅडम त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या. परत आल्या आणि प्रबंधाची पहिली पानं उघडून बसल्या. प्रबंधाच्या सुरुवातीला मार्गदर्शकाचा दाखला असतो. 'विद्यार्थ्याने वापरलेल्या सर्व संदर्भांचा उल्लेख केलेला आहे', असं त्यात छापलेलं असतं आणि त्याखाली मार्गदर्शकाची सही लागते. शंभरातले नव्याण्णव मार्गदर्शक ते न वाचता सही ठोकतात. मॅडम ते वाक्य वाचत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सोनालीला बोलावलं. "काढ गो ते सिनेमे," त्या म्हणाल्या. "वर्ष घालवू नकोस. पण खोट्या दाखल्यावर माझी सही नाही व्हायची, आणि माझ्या सहीपायी तुझं अडूही द्यायचं नाही. मी मार्गदर्शक म्हणून बाजूला होते." सोनाली रडायला लागली तशा त्या तिच्यावर खेकसल्या. "रडू नकोस. आणि निकाल लागेपर्यंत कुठे बोलू नकोस. निकाल लागला की मग तुझं तोंड तुझं."

विभागप्रमुखांनी फार आढेवेढे न घेता मार्गदर्शकपद स्वीकारलं. त्यांनी दाखल्यावर निळ्या शाईत लफ्फेदार सही केली. प्रबंधाच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव आलं. मी त्यांचं नाव इथे लिहीत नाही. दुसऱ्याच्या कामावर ते आधीच छापलेलं आहे, तेवढं पुरे.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. शहाणा माणूस असावा. सोनालीनेच नंतर मला सगळं सांगितलं. त्यांनी प्रबंध चाळला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पानोपानी सिनेमांचं विवेचन आहे, मग संदर्भसूचीत एकही सिनेमा कसा नाही?" सोनालीने विभागप्रमुखांकडे पाहिलं. विभागप्रमुख म्हणाले, "विद्यार्थिनीची नजरचूक आहे, सर. मुलं घाई करतात." परीक्षकांनी मान हलवली आणि शेरा लिहिला, संदर्भसूची अपूर्ण. त्यापायी तिचे गुण कापले गेले. पोरगी गप्प बसली, कारण तिला गप्प बसायला सांगितलेलं होतं. ती पास झाली, पुण्याची जागाही मिळाली. माझं डोकं मात्र आठवडाभर ठणकत होतं. मी मॅडमना म्हटलं, आता तरी तक्रार करू, लेखी करू, माझी सही पहिली. मॅडम भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "तिला तिकडे नीट स्थिर होऊ दे. आत्ता काही केलं तर तिच्याच नावामागे कटकट लागेल." मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. पण पोर त्यांची होती आणि हक्कही त्यांचा होता.

मॅडम दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. मग आजार निघाला. शेवटचे काही महिने मी नेरूळला जायचे तेव्हा त्या पलंगावर बसून जुने सिनेमे बघत असायच्या. आवाज बारीक झाला होता, पण संताप तसाच होता. एकदा एका वाहिनीने शेवटची नावं कापून मध्येच साबणाची जाहिरात लावली, तर त्यांनी नर्सला वाहिनीला फोन लावायला सांगितलं. सोनाली महिन्यातून एकदा पुण्याहून यायची आणि त्यांना आपलं नवं लिखाण वाचून दाखवायची. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि मध्येच विचारायच्या, हे कोणाचं? गेल्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

कॉलेजात शोकसभा झाली. फोटोला हार घातला. विभागप्रमुख आता उपप्राचार्य झाले आहेत, त्यामुळे प्राचार्यांनंतर लगेच तेच बोलले. मॅडम किती शिस्तीच्या होत्या, संदर्भांच्या बाबतीत किती काटेकोर होत्या, वगैरे. मग ते म्हणाले की त्यांच्या आणि मॅडमच्या सहकार्यातून उत्तम संशोधन झालं, उदाहरणार्थ सोनाली जाधवचा प्रबंध, ज्याला मार्गदर्शन करण्याचं भाग्य त्यांना लाभलं. सोनाली आज इथे उपस्थित आहे याचा त्यांना अभिमान वाटत होता.

सोनाली चौथ्या रांगेत होती, शेजारी तिचे वडील. ती उठली. कोणी तिला बोलावलं नव्हतं.

"माझ्या प्रबंधावर सरांचं नाव आहे," ती म्हणाली. "मार्गदर्शन परकार मॅडमनी केलं. सरांनी मला माझे संदर्भ काढायला लावले आणि परीक्षकांना सांगितलं की चूक माझी आहे. मॅडमनी खोट्या दाखल्यावर सही केली नाही, म्हणून त्यांचं नाव गेलं. निकाल लागेपर्यंत बोलू नको म्हणाल्या होत्या. मला बोलायला उशीर झाला."

ती खाली बसली. तिच्या वडिलांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. उपप्राचार्य माइकपाशी उभेच होते. त्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं, प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि कार्यक्रमपत्रिकेत शेवटी असलेली श्रद्धांजली एकदम पुढे आली. आपण सारे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या, असं जाहीर झालं. इतक्या निर्लज्जपणे वापरलेलं मौन मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

सभा संपल्यावर मी प्राचार्यांना लेखी अर्ज दिला, की ग्रंथालयातल्या प्रतीवरचं नाव दुरुस्त करावं. त्याला आता काही महिने झाले. मी विचारायला गेले की सांगतात, प्रक्रिया चालू आहे. प्रत अजून तशीच आहे, मी दर आठवड्याला जाऊन बघते. ती प्रत खोटं सांगते. त्या प्रबंधाच्या मार्गदर्शक रुखसाना परकार होत्या.